‘वाढ’ की ‘कपात’? आधी विचारा, कशाच्या तुलनेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: अर्थसंकल्प एकच असतो, त्यातले आकडे सगळ्यांसमोर असतात, तरी एक पक्ष म्हणतो उधळपट्टी चालली आहे आणि दुसरा म्हणतो गरजेच्या कामांना कात्री लागली आहे. दोघेही आकडे पुढे करतात. मग खोटे कोण बोलते? विचारणाऱ्याने असेही लिहिले आहे की या विषयावर वडिलांशी सुरू झालेले बोलणे आता भांडणावाचून संपत नाही, आणि यातून सामान्य माणसाने वाट कशी काढायची ते सांगा.

मी सव्वीस वर्षे एकच काम केले. कायदेमंडळाच्या सदस्यांसाठी विधेयकांचा आणि योजनांचा खर्च काढून द्यायचा. सत्ताधारी येत, विरोधक येत, निवडणुकीनंतर त्यांच्या जागा बदलत, आमचे टेबल तेच राहायचे. त्या अनुभवावरून सांगतो: धडधडीत खोटा आकडा मी फार कमी वेळा पाहिला. खरा आकडा सोयीच्या पायावर उभा केलेला मात्र जवळजवळ रोज पाहिला. त्यामुळे ‘खोटे कोण बोलते’ या प्रश्नाने तुम्ही फार पुढे जाणार नाही. ‘हा आकडा कशाच्या तुलनेत सांगितला आहे’ हा प्रश्न हातात धरा. निम्मे वाद तिथेच उलगडतात. उरलेले निम्मे खरेखुरे मतभेद असतात, आणि ते आकड्यांनी मिटत नाहीत. ते मिटावेत अशी अपेक्षाही करू नये.

पहिल्या प्रकारच्या वादाचा सर्वांत स्वच्छ नमुना अमेरिकेतला आहे, १९९५ चा. तिथे मेडिकेअर नावाचा सरकारी आरोग्य विमा आहे, मुख्यतः पासष्टी ओलांडलेल्यांसाठी. त्या वर्षी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, रिपब्लिकन पक्षाचे बहुमत होते, न्यूट गिंगरिच सभापती होते आणि अध्यक्ष होते डेमोक्रॅटिक पक्षाचे बिल क्लिंटन. रिपब्लिकनांनी सात वर्षांत तूट संपवण्याची योजना आणली. डेमोक्रॅट म्हणाले, ही मेडिकेअरमध्ये २७० अब्ज डॉलरची कपात आहे. रिपब्लिकन म्हणाले, कपात कसली, आज प्रत्येक लाभार्थ्यामागे सुमारे ४,८०० डॉलर खर्च होतात, सात वर्षांनी ते ६,७०० होतील. याला कोणत्या भाषेत कपात म्हणतात?

दोन्ही आकडे बरोबर होते. चालू कायदा तसाच राहिला तर खर्च किती वाढेल, याचा एक अंदाज असतो. त्याला आमच्या धंद्यात बेसलाइन म्हणतात. त्या वाढत्या रेषेच्या तुलनेत नवी योजना २७० अब्जांनी खाली होती. आजच्या खर्चाच्या तुलनेत ती वर होती. एकाने उद्याच्या अपेक्षेपासून मोजले, दुसऱ्याने आजपासून. वाद इतका पेटला की आधी नोव्हेंबरात पाच दिवस आणि मग डिसेंबर ते जानेवारी असे सलग एकवीस दिवस केंद्र सरकारची बरीच कार्यालये बंद राहिली. पुढे १९९७ मध्ये त्याच अध्यक्षांनी आणि रिपब्लिकन बहुमताच्याच काँग्रेसने तडजोड केली. तिच्यातही मेडिकेअरच्या वाढीला आवर होता, पण १९९५ पेक्षा सौम्य. म्हणजे दोघांमध्ये अंतर होते, पण ‘वृद्धांचे उपचार बंद करणारे’ आणि ‘देश बुडवणारे’ या शब्दांनी जेवढे भासवले तेवढे नव्हते.

मग यातला योग्य पाया कोणता? माझे मत स्पष्ट आहे, आणि ते दोन्ही बाजूंना थोडे टोचते. एखाद्या सेवेचा प्रश्न असेल तर आजच्या रुपयांशी किंवा डॉलरशी तुलना करून भागत नाही. समजा एका योजनेची तरतूद १०० वरून १०४ झाली. त्या वर्षात भाव सहा टक्क्यांनी वाढले आणि लाभार्थी तीन टक्क्यांनी. तर प्रत्येकाला कालइतकीच सेवा द्यायला १०९ पेक्षा थोडे जास्त लागतील. १०४ ही कागदावर वाढ आहे, पण माणशी मिळणारी सेवा जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली आहे. ‘आम्ही तरतूद वाढवली’ असे मंत्री सांगतो तेव्हा तो खरे बोलत असतो, आणि रांगेत उभी असलेली बाई ‘पूर्वीइतके मिळत नाही’ म्हणते तेव्हा तीही खरे बोलत असते. पण उलटी बाजूही आहे. बेसलाइन म्हणजे देवाने आखलेली रेषा नव्हे. तिच्यात जुनी गळती, दवाखान्यांचे फुगवलेले दर, कोणी न तपासलेली कंत्राटे हे सगळे ‘असेच चालू राहील’ असे गृहीत धरलेले असते. त्या रेषेखाली जाणारी प्रत्येक गोष्ट क्रूर ठरवली तर सुधारणेला दारच उरत नाही.

बेसलाइनची ताकद किती असते, ते २०२५ मध्ये पुन्हा दिसले. अमेरिकेत २०१७ साली करकपातीचा कायदा झाला होता. त्यातल्या व्यक्तिगत आयकराच्या बऱ्याच सवलती २०२५ अखेर संपणार होत्या. मुदत मुद्दाम घातलेली होती, कारण त्यामुळे कायद्याचा कागदोपत्री खर्च कमी दिसत होता. मुदत संपत आली तेव्हा त्या सवलती कायम करण्याचे विधेयक आले. चालू कायद्याप्रमाणे सवलती संपणार होत्या, म्हणून त्या पुढे नेणे हा नवा खर्च. या हिशेबाने काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने संपूर्ण विधेयकामुळे दहा वर्षांत तूट सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल असा अंदाज दिला. सिनेट या वरिष्ठ सभागृहातल्या बहुमताने दुसराच पाया धरला: लोक आज जो कर भरतात तोच पुढे भरतील, मग यात नवे काय? त्या पायावर सवलती पुढे नेण्याचा खर्च शून्य होतो. विधेयक तेच, देश तोच, दहा वर्षेही तीच. पाया बदलला आणि लाखो कोटी दिसेनासे झाले.

मला या प्रकारात खटकते ते एवढेच की कायदा आणताना एक पाया धरला आणि पुढे नेताना दुसरा. दोन्ही वेळा जो सोयीचा तो. कोणताही एक पाया धरून त्यावर टिकला असता तर वाद प्रामाणिक राहिला असता. ही युक्ती कोणत्याही एका पक्षाच्या मालकीची नाही, हेही लगेच सांगतो. ‘तात्पुरती’ म्हणून सुरू केलेली अनुदाने पुढे कायमची गृहीत धरायची, ही तिचीच जुळी बहीण आहे आणि ती दुसऱ्या बाजूच्या घरात वाढते.

आता ज्या खर्चाला कोणी खर्च म्हणतच नाही त्याकडे वळू. सरकारने तुम्हाला शंभर रुपये हातात दिले तर ते अनुदान. शंभर रुपयांचा कर माफ केला तर ती सवलत. तिजोरीला दोन्हींचा परिणाम सारखाच. स्टॅन्ली सरे हे १९६० च्या दशकात अमेरिकेच्या अर्थखात्यात सहायक सचिव होते. त्यांनी १९६७ मध्ये आग्रहाने मांडले की करसवलती म्हणजे कराच्या वाटेने केलेला खर्चच आहे आणि त्याचा हिशेब वेगळा छापला पाहिजे. १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्याने अमेरिकेत ते बंधनकारक झाले. भारतात सोडून दिलेल्या महसुलाचे विवरण २००६-०७ पासून अर्थसंकल्पासोबत येऊ लागले. तरीही चर्चेत हा भाग सावलीतच राहतो. त्यामागे राजकारण आहे: अनुदान साधारणपणे गरिबाच्या नावावर दिसते, करसवलत साधारणपणे ज्याचे उत्पन्न आणि गुंतवणूक मोठी त्याच्या पदरात पडते. एक पक्ष पहिल्याला फुकटेपणा म्हणतो आणि दुसऱ्याबद्दल बोलत नाही. दुसरा पक्ष करसवलतींवर टीका करतो, पण त्यातल्या मध्यमवर्गाच्या लाडक्या सवलतींना, उदाहरणार्थ घरकर्जावरच्या व्याजाच्या वजावटीला, हात लावायची वेळ आली की गप्प बसतो. तुम्हाला खर्चाबद्दल मत बनवायचे असेल तर दोन्ही याद्या शेजारी ठेवून बनवा.

आणखी एक सावली म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरचे कर्ज. भारतीय अन्न महामंडळाला सरकारने धान्यावरचे अनुदान रोख द्यायचे असते. अनेक वर्षे त्यातला मोठा भाग न देता महामंडळाला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावले गेले. धान्य वाटले गेले, पैसे खर्च झाले, फेडायचे शेवटी सरकारनेच होते, पण तुटीच्या आकड्यात ते दिसत नव्हते. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ही पद्धत थांबवून थकलेली रक्कम हिशेबात आणली गेली. त्या वर्षीचे अन्न अनुदान मूळ अंदाजात सुमारे १ लाख १५ हजार कोटी होते, सुधारित अंदाजात ते ४ लाख २२ हजार कोटींच्या वर गेले. कोविडकाळातले मोफत धान्य त्यात होतेच, पण जुने लपलेले कर्ज वर काढणे हाही त्याचा मोठा हिस्सा होता. त्या सरकारला मी याचे श्रेय देतो, कारण तूट मोठी दाखवणे कोणालाच आवडत नाही. पण आधीच्या वर्षांत ज्यांनी ‘तूट आटोक्यात’ म्हणून टाळ्या वाजवल्या आणि ज्यांनी ‘सरकार खर्च करत नाही’ म्हणून टीका केली, ते दोघेही अपुऱ्या आकड्यावर भांडत होते. भांडणारे प्रामाणिक असूनही असे होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता बाजू बदलण्याबद्दल. विरोधी बाकावर असताना प्रत्येकाला तिजोरीची काळजी वाटते. २००६ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये कर्जमर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा सिनेटर बराक ओबामा यांनी विरोधात मत दिले आणि हे नेतृत्वाचे अपयश असल्याचे सांगितले. पाच वर्षांनी अध्यक्ष म्हणून त्यांनाच ती मर्यादा वाढवून मागावी लागली, आणि आपले जुने मत चूक होते असे त्यांनी मान्य केले. तोवर दुसऱ्या बाजूने तोच दोर ओढायला घेतला होता. २०११ च्या ऑगस्टमध्ये अगदी शेवटच्या घटकेला तडजोड झाली, तरी काही दिवसांतच कर्जदारांची पत ठरवणाऱ्या स्टँडर्ड अँड पुअर्स या संस्थेने अमेरिकेचे सर्वोच्च पतमानांकन एक पायरीने उतरवले. ही मर्यादा नवा खर्च मंजूर करत नाही, आधीच मंजूर झालेल्या खर्चाची देणी भागवण्यापुरती असते. म्हणून तिच्यावरची लढाई मला नेहमी वाया गेलेली वाटते. जेवणाची ऑर्डर देताना भांडा, बिल चुकवताना नको.

जर्मनीचे उदाहरण ताजे आहे. तिथल्या राज्यघटनेत २००९ मध्ये कर्जाला लगाम घातला गेला: केंद्राची रचनात्मक तूट (तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी) राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३५ टक्क्यांपुढे जाऊ नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कोविडसाठी मंजूर झालेले ६० अब्ज युरो हवामानाच्या निधीकडे वळवणे घटनाबाह्य ठरवले. खटला भरणारे होते विरोधी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे खासदार. त्या खड्ड्यातून सरकार सावरले नाही. वर्षभराने अर्थसंकल्पावरूनच आघाडी फुटली. फेब्रुवारी २०२५ ची निवडणूक ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने जिंकली, आणि पुढच्याच महिन्यात त्या पक्षाचे नेते फ्रीडरिश मेर्त्स यांनी सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन पक्षांना सोबत घेऊन घटनादुरुस्ती केली. संरक्षणखर्चाचा मोठा भाग लगामातून मोकळा झाला आणि पायाभूत कामांसाठी ५०० अब्ज युरोचा निधी उभा राहिला. प्रचारात लगामाची बाजू घेणाऱ्यांनीच तो सैल केला.

याला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मी तसे म्हणत नाही. विरोधकाचे कामच ‘पैसे कुठून आणणार’ हे विचारणे आहे, आणि सत्तेवर बसणाऱ्याला पडका पूल आणि शेजारचे युद्ध दिसत असते. जागा बदलली की दिसणारी गोष्ट खरोखर बदलते. मला राग येतो तो याचा की जागा बदलल्यावर ‘माझे मत बदलले, कारण असे आहे’ हे एक वाक्य कोणी बोलत नाही.

हे सगळे नेत्यांचे झाले. आपल्या डोक्यात काय चालते तेही पाहायला हवे, कारण ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण पक्षांना जेवढी लागू आहे तेवढीच मतदारालाही. जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्या आठवड्यातच सांगत असे. उदारमतवादी आणि पुराणमतवादी विद्यार्थ्यांना गरिबांच्या साहाय्याची एक योजना दाखवली. काहींना भरघोस, काहींना कडक आणि तुटपुंजी. योजना कोणत्या पक्षाने उचलून धरली आहे तेही सांगितले. विद्यार्थ्यांनी योजनेकडे जवळजवळ पाहिलेच नाही. आपल्या पक्षाची म्हटल्यावर कडक योजनाही उदारमतवाद्यांना पटली आणि भरघोस योजनाही पुराणमतवाद्यांना पटली. विचारल्यावर मात्र प्रत्येकाने सांगितले की मी मजकूर वाचून ठरवले. पक्षाच्या नावाला भुलले असतील तर ते दुसरे.

शब्दांचेही तसेच. अमेरिकेच्या एका मोठ्या, दशकानुदशके चालणाऱ्या समाजसर्वेक्षणात काहींना विचारतात की ‘वेल्फेअर’वर खर्च कमी होतो का, आणि काहींना विचारतात की ‘गरिबांना मदत’ यावर कमी होतो का. दुसऱ्या शब्दांत विचारले की ‘कमी होतो’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण प्रचंड वाढते. पैसा तोच, माणसेही तशीच. आणि परदेशी मदतीवर अर्थसंकल्पाचा किती भाग जातो असे विचारले की अमेरिकी लोकांची उत्तरे सरासरी पाव हिश्शाच्या आसपास येत आली आहेत. प्रत्यक्षात तो एक टक्क्याच्या आसपास होता. ज्या खर्चावर सर्वांत मोठा आवाज होतो तो बहुधा लहान असतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकी केंद्र सरकारने सुमारे ६.७५ लाख कोटी डॉलर खर्च केले. निवृत्तिवेतन, वृद्धांचा आणि गरिबांचा आरोग्य विमा, संरक्षण आणि कर्जावरचे व्याज या मोजक्या नोंदींतच त्यातला बहुतांश भाग संपतो, आणि त्या वर्षी नुसते व्याजच संरक्षणखर्चाच्या पुढे गेले होते. सभांमध्ये गाजणारे अनुदान या यादीत शोधायला भिंग लागते.

एक दिलासादायक गोष्टही सांगतो. जॉन बुलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की अर्थव्यवस्थेबद्दलच्या साध्या तथ्यांचे प्रश्न विचारताना बरोबर उत्तराला थोडे पैसे देऊ केले, तर दोन्ही पक्षांच्या समर्थकांच्या उत्तरांतली दरी ठळकपणे कमी होते. म्हणजे अनेकांना खरे ठाऊक असते, किंवा आपल्याला ठाऊक नाही हे तरी ठाऊक असते. एरवी ते उत्तर देत नसतात, झेंडा हलवत असतात. तुमच्या वडिलांशी बोलताना हे आठवा. ते आकडा सांगत असतील तेव्हा कदाचित आकडा सांगतच नसतील.

आता खऱ्या मतभेदांकडे येतो. हा भाग मला सर्वांत जवळचा आहे, कारण इथे दोन प्रामाणिक, जाणकार माणसे शेवटपर्यंत असहमत राहू शकतात.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे घरासाठी शहाणपण आहे. सरकारला ते जसेच्या तसे लागू पडते का? घराचा खर्च कमी केला तर घराचे उत्पन्न घटत नाही. सरकारने मंदीत खर्च कमी केला तर ज्यांना ते पैसे मिळत होते त्यांचा खर्च घटतो, त्यांच्याकडून येणारा कर घटतो, आणि अंथरूणच आखडते. किती आखडते, यावर अर्थशास्त्रज्ञांचा वाद आहे. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी एका निबंधात दाखवले की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ शून्याच्याही किंचित खाली जाते. युरोपात आणि अमेरिकेत काटकसरीचा आग्रह धरणाऱ्या नेत्यांनी तो निबंध हातात घेऊन भाषणे केली. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह तो हिशेब पुन्हा करून पाहिला, तर स्प्रेडशीटमधल्या सरासरीच्या सूत्रात पाच देश सुटलेले सापडले. काही आकडे वगळण्याचे आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीचे प्रश्नही होते. दुरुस्तीनंतर ती सरासरी २.२ टक्के आली. त्याच वर्षाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हिए ब्लाँशार यांनी सहकाऱ्यासोबत कबूल केले की खर्चकपातीने उत्पन्न किती घटेल याचा अंदाज संकटाच्या पहिल्या वर्षांत कमी धरला गेला होता.

यावरून ‘म्हणजे कर्ज कितीही काढा’ असा निष्कर्ष काढणारे मला तेव्हाही भेटले, आणि तो निष्कर्षही तितकाच घाईचा होता. दुरुस्त केलेल्या आकड्यांतही जास्त कर्जाच्या देशांची वाढ कमीच होती. फक्त ९० टक्क्यांवर कडा तुटून दरी लागत नव्हती. व्याज वाढले की जुने कर्ज नव्या शाळेचे पैसे खाते, हे कोणत्याही पक्षाने नाकारण्यासारखे नाही.

याच्याही खाली जे मतभेद आहेत ते आकड्यांचे नाहीतच. नको त्या माणसाला मदत मिळणे ही मोठी चूक, की हव्या त्या माणसाला न मिळणे ही मोठी? तपासणी कडक केली की पहिली चूक घटते आणि दुसरी वाढते. सैल केली की उलट. शून्यावर दोन्ही आणणारी योजना मी सव्वीस वर्षांत एकही पाहिली नाही. एकाला फसवणूक सहन होत नाही, दुसऱ्याला उपाशी राहिलेला सहन होत नाही. दोघेही न्यायाबद्दलच बोलत असतात. तसेच, पैसा केंद्राने ठरवून द्यावा की गावाने? वस्तू द्यावी की रोख? आजच्या वृद्धाला द्यावे की ज्याला अजून मत नाही त्या मुलाला? पक्ष वेगळे असण्याचे कारण इथे आहे, आणि पक्ष वेगळे असावेत तेही इथेच.

म्हणून माझा सारा जीव एका गोष्टीवर आहे: पंच. आकड्यांपुरता तरी कोणी त्रयस्थ असला की भांडण योग्य जागी सरकते. नेदरलँड्समध्ये केंद्रीय नियोजन कार्यालय १९४५ मध्ये स्थापन झाले, अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन त्याचे पहिले संचालक. १९८६ पासून तिथले पक्ष निवडणुकीआधी आपले जाहीरनामे या कार्यालयाकडे स्वतःहून देतात आणि कार्यालय त्यांचा खर्च, तुटीवरचा आणि लोकांच्या उत्पन्नावरचा परिणाम सारख्याच पद्धतीने काढून छापते. सक्ती नाही, पण न देणाऱ्याला कारण सांगावे लागते. पक्ष तरीही तितकेच भांडतात, पण ‘तुमचा आकडा खोटा’ यावर कमी आणि ‘तुम्ही हे निवडले, आम्ही ते निवडले’ यावर जास्त.

पंचाला डावलले तर काय होते तेही पाहून घ्या. ब्रिटनमध्ये २०१० पासून असे स्वतंत्र कार्यालय आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, पैसे कुठून येणार ते सांगितले नाही आणि त्या कार्यालयाचा अंदाजही सोबत दिला नाही. अंदाज तयार करून देण्याची तयारी कार्यालयाने दाखवली होती. पौंड घसरला, सरकारी रोख्यांवरचे व्याज उसळले, निवृत्तिनिधी अडचणीत आले, आणि पाचव्या दिवशी बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीला उतरावे लागले. २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. करकपात चांगली की वाईट हा मतभेदाचा विषय आहे. पण हिशेब न दाखवता ती करता येत नाही, हे त्या महिन्याने दोन्ही पक्षांना दाखवले.

पंचही चुकतो. अंदाज हे अंदाज असतात, आणि आमचेही अनेक चुकले. एका योजनेचे लाभार्थी आम्ही निम्मेच धरले होते. ती चूक मला अजून सलते, कारण तिच्यामुळे दुसऱ्या वर्षी पैसे कमी पडले आणि शेवटच्या तिमाहीत लोक परत पाठवले गेले. पण चूक कशी झाली ते आम्ही छापले, गृहीतके उघडी ठेवली, आणि दोन्ही पक्षांनी आम्हाला सारखेच फैलावर घेतले. सारखेच, हे महत्त्वाचे.

आता तुमच्या घरातल्या वादाकडे. माझा एक जवळचा सहकारी दुसऱ्या विचाराचा होता. वर्षानुवर्षे आम्ही दुपारी भांडायचो. एकदा त्याने दोन कोरे कागद आणले आणि म्हणाला, आपण दोघांनी एक वर्षाचा अर्थसंकल्प लिहायचा. एकूण खर्च दोघांना सारखा, तुटीची मर्यादा सारखी, करसवलतीही खर्चातच धरायच्या, आणि एखादी नोंद वाढवली तर कुठून काढली ते शेजारी लिहायचे. तासाभराने कागद बदलले. मोठ्या नोंदींत आमचा फरक आम्हाला वाटत होता त्यापेक्षा खूपच कमी निघाला. जिथे निघाला तिथे तो ठसठशीत होता: त्याने वृद्धांच्या पेन्शनमधली वाढ एक वर्ष थांबवून पैसे बालवाड्यांना दिले होते, मी बालवाड्यांचा विस्तार पुढे ढकलून पेन्शन राखली होती. त्याची आई नव्हती, माझी होती. त्याच्या घरी तीन वर्षांची मुलगी होती. आम्ही दोघे त्या दोन ओळींकडे पाहत राहिलो, आणि बऱ्याच वर्षांनी प्रथमच त्याने मला विचारले, “आई कशी आहे तुझी?”

वडिलांसमोर असाच एक कोरा कागद ठेवून पाहा. एक तुमच्यासाठीही घ्या. नावे पक्षांची लिहू नका, नोंदींची लिहा, आणि त्यांनी जी ओळ सर्वांत आधी लिहिली ती का लिहिली, तेवढेच विचारा.